रक्ताआधीची साक्ष

ख्रिस्तसभेने आपल्या हाती दिलेले काही शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यांच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची तसदी घेत नाही. ‘रक्तसाक्षी’ हा त्यांपैकीच एक. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला मराठीत आपण हुतात्मा म्हणतो, तसेच रक्तसाक्षीही म्हणतो. दोन्ही शब्द समानार्थी मानले जातात. परंतु त्यांचे कूळ वेगळे आहे. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. त्या शब्दात यज्ञकुंड आहे, ज्वाला आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकाने तो शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या ओठी रुळवला. रक्तसाक्षी हा शब्द मात्र न्यायसभेतून आला आहे. ज्या ग्रीक शब्दासाठी तो वापरला जातो, त्याचा मूळ अर्थ निव्वळ साक्षीदार असा होता. जे पाहिले ते विचारल्यावर खरेपणाने सांगणारा माणूस. रक्ताचा संबंध त्या शब्दाशी मागाहून जडला, कारण आरंभीच्या शतकांत सांगणाऱ्यांना आपल्या सांगण्याचे मोल प्राणांनी चुकवावे लागले.

साक्ष आधी, रक्त नंतर, असा हा क्रम आहे. प्रस्तुत लेखात हा क्रम मनाशी धरून आम्ही दोन जुन्या कथा पुन्हा वाचू इच्छितो. पहिली कथा फ्रान्समधील एका मठाधिपतीची, इ. स. १००४ ची, दुसरी आपल्याच महाराष्ट्रातील, ठाणे बंदरातील, इ. स. १३२१ ची. पहिली वाचली म्हणजे दुसरीत काय हरवले ते लवकर ध्यानात येते, म्हणून दूरच्या कथेपासून आरंभ करतो.

१

फ्लरीचा आब्बो हा दहाव्या शतकातील एक मोठा विद्वान. संत बेनेडिक्टच्या नियमावलीनुसार चालणाऱ्या, आणि त्या संताचे अवशेष आपल्याकडे आहेत असे सांगणाऱ्या, फ्लरीच्या मठाचा तो प्रमुख होता. कालगणना, व्याकरण, तर्कशास्त्र आणि ख्रिस्तसभेचे कायदे या साऱ्यांत त्याची गती होती. मठाधिपती होण्यापूर्वी, ९८५ ते ९८७ या काळात, तो इंग्लंडमधील रॅम्झीच्या मठात अध्यापन करीत होता. तेथील संन्याशांच्या विनंतीवरून त्याने पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड याच्या मरणाची कथा लॅटिनमध्ये लिहिली.

एडमंडचा वध ८६९ साली झाला होता. आब्बो लिहावयास बसला तेव्हा त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती. मग आपण सांगतो ते खरे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर आब्बो ग्रंथाच्या आरंभीच देतो. ही कथा आपण आर्चबिशप डन्स्टन यांच्या मुखातून ऐकली. डन्स्टन यांनी तरुणपणी ती राजा अ‍ॅथेलस्टन याच्या दरबारी एका अतिवृद्ध माणसाकडून ऐकली. आणि तो वृद्ध, मरणाच्या दिवशी आपण एडमंडचे शस्त्रवाहक होतो, असे शपथेवर सांगत होता. पाहणारा एक, ऐकणारा दुसरा, लिहिणारा तिसरा, अशी ही तीन कड्यांची साखळी आहे. पुढे कथेत एडमंडला झाडाशी बांधून बाणांनी विंधले जाते आणि आब्बो स्वतःच संत सेबास्टियनची आठवण काढतो. राजाचे छिन्न मस्तक एक लांडगा राखीत बसतो. येथे वाचकाला जाणवते की जुन्या संतकथांचे साचे नव्या कथेत उतरत आहेत. तरीही त्या म्हाताऱ्या शस्त्रवाहकाची शपथ आपल्या मनातून जात नाही. साच्यांच्या गर्दीत तो एक माणूस खरा वाटतो, कारण तो तेथे उभा होता.

नियतीचा खेळ असा की रक्तसाक्ष्याची कथा लिहिणाऱ्या या मठाधिपतीला पुढे स्वतःच तसे मरण आले. फ्लरीच्या अधिकाराखालील ला रेओल येथील मठात शिस्त ढासळली होती. ती सावरण्यासाठी आब्बो १००४ साली गॅस्कनी प्रांतात गेला. तेथे त्याच्याबरोबर आलेले लोक आणि स्थानिक गॅस्कन लोक यांच्यात भांडण पेटले. ते शमवावे म्हणून आब्बो बाहेर आला आणि त्या गोंधळात भाल्याच्या वाराने घायाळ होऊन मरण पावला. तो दिवस होता १३ नोव्हेंबर. त्याचा शिष्य एमॉइन या प्रवासात त्याच्यासोबत होता. गुरूचे चरित्र त्यानेच लिहिले.

या मरणात राजदरबार नाही, श्रद्धेची परीक्षा घेणारा अधिकारी नाही, ‘तुझा देव सोड’ अशी आज्ञाही नाही. आहे ते एक क्षुद्र भांडण आणि ते सोडवावयास धावलेला एक वयस्क विद्वान. असे असता आब्बोला रक्तसाक्षी म्हणावे काय, असा प्रश्न चोखंदळ वाचकाच्या मनात येईल. फ्लरीच्या परंपरेने त्याला रक्तसाक्षी मानले, आणि आमच्या मते त्यात मोठा अर्थ आहे. दोघांच्या भांडणात मध्ये पडणे ही देखील एक साक्षच आहे. एमॉइनच्या लेखनाचा गुण असा की त्याने आपल्या गुरूचे मरण भव्य करण्यासाठी ते भांडण कथेतून वगळले नाही. गुरूवरचे त्याचे प्रेम जागोजागी दिसते, पण म्हणून सत्य लहान वाटल्यास त्याला मोठी वस्त्रे चढवावीत असे त्याला वाटले नाही.

२

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्या बहुतेक घरांत ठाऊक असते. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर त्यांना मरण आले आणि १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. परंतु त्यांच्या जन्माच्याही दोन शतके आधी ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधूंनी रक्त सांडले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पोर्तुगीज जहाजे अद्याप हिंदी महासागरात शिरावयाची होती. देवगिरीच्या यादवांचे राज्य १३१८ साली पूर्णपणे मोडले होते, दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता आणि ठाणे बंदर दिल्लीच्या सत्तेखाली एका मलिकाच्या हाती होते.

चार बंधूंची नावे अशी: तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस. थॉमस हे यांतील ज्येष्ठ. फ्रान्सिस्कन संघातील कडक दारिद्र्यव्रताच्या आग्रहापायी त्यांनी तरुणपणी स्वतःच्याच संघाचा कारावास सोसला होता. पुढे आर्मेनियात काम केले, आणि चीनमधील मिशनरी जॉन माँतेकोर्विनो यांची पत्रे १३०७ च्या सुमारास पोपपर्यंत पोहोचविली. देमेत्रियुस हे दीक्षित धर्मगुरू नव्हते. ते साधे धर्मबंधू होते, भाषा जाणणारे आणि दुभाषाचे काम करणारे. या चौघांसोबत जोर्डानुस नावाचे डॉमिनिकन धर्मगुरूही होते. कोल्लमकडे जाण्यासाठी निघालेले त्यांचे जहाज वाऱ्याने ठाण्यास लागले. तेथे पूर्वेकडील परंपरेच्या, ज्यांना नेस्टोरियन म्हणत त्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी हे पाहुणे उतरले. जोर्डानुस बाप्तिस्मा देण्याच्या कामासाठी भडोचच्या दिशेने गेले आणि चौघे मागे राहिले.

पुढील हकिकत आपल्याला सविस्तर मिळते ती पोर्देनोनेचे ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तांतात. ते घटनेनंतर थोड्याच काळाने ठाण्यास आले. चीनपर्यंत जाऊन परतल्यावर, १३३० साली, पादुआ येथे त्यांनी आपला प्रवास एका बंधूला तोंडी सांगून लिहवून घेतला. हेन्री यूल यांनी १८६६ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून हिंदुस्थानातील अभ्यासकांना ही कथा सुलभ झाली.

ओडोरिक सांगतात ती कथा अशी. ज्या घरी बंधू उतरले होते त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारले. सकाळी ती काझीकडे दाद मागण्यास गेली. तुझ्या म्हणण्यास पुरावा काय, असे काझीने विचारले. घरात परदेशी धर्मपुरुष होते, त्यांनी सारे पाहिले आहे, त्यांना विचारा, ते खरे सांगतील, असे तिचे उत्तर. त्या वेळी तेथे बसलेल्या एका इसमाने सुचविले की हे लोक शास्त्र जाणणारे आहेत, त्यांना बोलावून धर्माविषयी वाद घालावा. पीटर सामानाजवळ राहिले आणि तिघांना काझीपुढे आणण्यात आले. वाद सुरू झाला. ख्रिस्त केवळ मनुष्य होता की देव, येथून तो निघाला आणि अखेर मुसलमानांच्या पैगंबरांविषयी तुमचे मत काय, या प्रश्नावर येऊन ठेपला. थॉमस यांनी प्रथम थेट उत्तर टाळले; आम्ही ख्रिस्ताविषयी जे मानतो त्यावरून तुम्हीच ओळखा, अशा आशयाचे ते बोलले. तुझे स्वतःचे मत सांग, असा पुन्हा पुन्हा आग्रह झाला, तेव्हा ते कठोर बोलले. मग क्षोभ उसळला.

त्यांना उन्हात बांधून ठेवले. ते जिवंत राहिले. मग मैदानात आग पेटविली. जेम्स तिच्यात गेले आणि सुखरूप बाहेर आले. दुसऱ्यांदा अंगाला तेल लावून, वस्त्रे काढून त्यांना आगीत लोटले. तरी ते वाचले. जमलेले लोक ओरडू लागले की ही माणसे पवित्र आहेत, यांना इजा करणे पाप आहे. मलिकाने त्यांना सोडून दिले आणि खाडीपलीकडे जावयास सांगितले. काझीने मात्र पुन्हा मलिकाचे मन फिरविले, आणि रात्री पाठविलेल्या मारेकऱ्यांनी तिघांचा शिरच्छेद केला. ती गुरुवार, ९ एप्रिल १३२१ ची रात्र, झावळ्यांच्या रविवाराच्या तीन दिवस आधीची. मागे राहिलेल्या पीटर यांनाही ११ एप्रिल रोजी मारण्यात आले. जोर्डानुस परतले आणि त्यांनी देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे ओडोरिक यांनी अस्थी उचलून चीनमधील झैतून बंदरातील आपल्या बंधूंकडे पोहोचविल्या.

३

ही कथा साहित्य म्हणून कशी आहे? ओडोरिक उत्तम कथक आहेत यात शंका नाही. प्रवास, घर, भांडण, वाद, ऊन, अग्नी, सुटका आणि रात्रीचा घात अशा पायऱ्यांनी कथा चढत जाते. अग्नीच्या प्रसंगात दानिएलच्या ग्रंथातील भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांची छाया स्पष्ट आहे. आब्बोला एडमंडच्या देहात सेबास्टियन दिसला, तसे ओडोरिक यांना ठाण्याच्या मैदानात बाबेलची भट्टी दिसली. यात खोटेपणा पाहण्याचे कारण नाही. मध्ययुगीन धर्मकथेची ती रीतच होती. नवे दुःख जुन्या शास्त्रवचनांच्या उजेडात ठेवल्यावाचून त्या काळच्या लेखकाला ते कळतच नसे. पुढे अस्थींच्या प्रवासातही तेच घडते. पेटलेल्या घरात अस्थी जवळ घेऊन ओडोरिक सुरक्षित राहतात, आणि वारा पडला असता एक अस्थी समुद्रात सोडताच जहाजाला वारा मिळतो. वाचक भारावतो, पण हळूहळू चार माणसांच्या जागी चार माणसांच्या अस्थी उरतात.

याच घटनेविषयी जोर्डानुस यांची दोन पत्रे आहेत, एक ऑक्टोबर १३२१ चे आणि दुसरे जानेवारी १३२४ चे. इराणातील बंधूंना लिहिलेल्या या पत्रांत कथक बोलत नाही. मागे उरलेला सोबती बोलतो. मृत्यूंची वार्ता आहे, दफनाची हकिकत आहे, कोणकोणत्या ठिकाणी धर्मकार्याला वाव आहे याची व्यवहारी नोंद आहे, आणि माणसे पाठवा अशी विनवणी आहे. दुसऱ्या पत्रात एकाकीपणा दाटून येतो. मी त्यांच्यासोबत का नव्हतो, हे शल्य ओळीओळींतून बोचत राहते. ओडोरिक यांची कथा ऐकून श्रोता हात जोडतो. जोर्डानुस यांचे पत्र वाचून तो गप्प होतो. आम्हाला विचाराल तर दोहोंत पत्रांची प्रत वरची आहे, कारण त्यांत लेखकाने स्वतःला वाचविलेले नाही. सोपाऱ्याच्या मातीत सोबत्यांना ठेवून पुन्हा कामाला लागलेला हा माणूस १३२९ साली कोल्लमचा बिशप नेमला गेला. पण त्या पत्रांतला माणूस बिशप नव्हता, मित्र गमावलेला परदेशी होता.

तथापि ओडोरिक यांचे ऋण एका बाबतीत मान्य केलेच पाहिजे. एमॉइनने भांडण झाकले नाही, तसे त्यांनीही झाकले नाही. एका घरातील मारहाणीपासून कथा सुरू होते, हे त्यांनी सांगून ठेवले. मलिकाने एकदा बंधूंना सोडले होते, मुसलमान जमाव त्यांच्या बाजूने ओरडला होता, हेही त्यांनी लपविले नाही. एवढेच काय, दिल्लीच्या बादशहाने या कृत्याबद्दल मलिकाला कडक शासन केले, असे त्यांचाच वृत्तांत सांगतो. ज्या कथेत मारणाऱ्यांच्या बाजूलाही मन असलेली माणसे दिसतात, ती कथा द्वेषाच्या कामी येत नाही. ठाण्याची कथा सांगताना कोणी या गोष्टी गाळून केवळ तलवार ठेवीत असेल, तर तो ओडोरिक यांच्याही मागे गेला असे म्हणावे लागेल. संत फ्रान्सिस यांनी १२२१ च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना पहिला मार्ग सांगितला तो वाद न घालता, सर्वांशी नम्र राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढे कबूल करण्याचा. थॉमस यांचे पहिले उत्तर त्या मार्गावरचे होते. दुसरे उत्तर त्यांच्याकडून ओढून काढले गेले. आपल्या मुलांना आपण कोणते उत्तर पाठ करावयास लावतो, यावर आपल्या धर्मशिक्षणाची परीक्षा आहे.

४

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ओडोरिक यांच्या कथेत एक छिद्र आहे, आणि ते आम्हाला वर्षानुवर्षे दिसले नव्हते. ती मार खाल्लेली स्त्री कोठे गेली?

ती न्याय मागण्यास गेली होती. तिने साक्षीदार म्हणून या बंधूंचे नाव घेतले. म्हणजे या धर्मपुरुषांना न्यायसभेत प्रथम बोलाविण्याचे निमित्त ख्रिस्ताविषयीचा वाद नव्हते. एका बाईच्या अंगावरचे वळ, हे ते निमित्त होते. साक्षीदार हा शब्द मूळ अर्थाने प्रथम त्यांना लागला तो तिच्या तोंडून. ते खरे सांगतील, हा तिचा विश्वास होता. परक्या देशाच्या, चार दिवसांच्या पाहुण्यांवर एका स्त्रीने टाकलेला हा विश्वास आम्हाला या साऱ्या कथेतील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

आणि ती साक्ष कोणी घेतलीच नाही. सभेत एकाने वादाची टूम काढली, काझीला ती रुचली आणि बाईची फिर्याद बाजूला राहिली. पुढे ऊन आले, आग आली, तलवार आली. फिर्यादीचे नाव निघाले नाही. काझी तिला विसरला. कथकही तिला विसरला. त्यानंतर जो जो ही कथा सांगत गेला त्याने तिला एक निमित्त म्हणून वापरले, जसे दार उघडल्यावर आपण कडीकडे पाहत नाही. तिचे नाव कोठेच नाही. तिच्या नवऱ्याचा न्याय झाला की नाही, ती त्या घरी परत गेली की नाही, आपल्या शब्दामुळे चार पाहुणे मारले गेले हे ओझे तिने कसे वाहिले, यांतील काहीही सांगण्याची गरज कोणाला भासली नाही.

ख्रिस्तसभेच्या गौरवातही असाच क्रम लागला आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९४ साली थॉमस यांना धन्यवादित घोषित केले. जेम्स, पीटर आणि देमेत्रियुस यांची नावे त्यांच्या नावामागे चालतात. दुभाषा देमेत्रियुस, ज्याच्या जिभेवाचून ते बंधू त्या मुलुखात मुके ठरले असते, तो यादीत नेहमी शेवटी. आणि यादीच्याही पलीकडे ती स्त्री. आम्ही तिला संतांच्या पंगतीत बसवा असे म्हणत नाही. तिच्या फिर्यादीवाचून ही कथा अपुरी आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

५

आमचा भंडारा जिल्हा ठाण्यापासून फार दूर. वैनगंगेच्या काठी, तलावांच्या आणि धानाच्या या मुलुखात ख्रिस्ती घरे विखुरलेली, आणि ज्या नागपूर धर्मप्रांताचे आम्ही घटक आहोत त्याची स्थापना १८८७ ची. ठाण्याची कथा आमच्या अंगणातली नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. परंतु ती कशी सांगावी हे शिकण्यासाठी लागणारा ग्रंथ मात्र आमच्या अंगणातला आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ लीळाचरित्र विदर्भाच्या भूमीत सिद्ध झाला. त्यात भंडाऱ्याच्या नीळभट्ट भांडारेकारांना स्वतःची जागा आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून एकेक करून गोळा केल्या. परंपरा सांगते की दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि स्मरणावरून ती पुन्हा उभी करावी लागली; तेव्हा निरनिराळ्यांच्या आठवणींतील भेदही नोंदविले गेले. याच फौजांच्या मागोमाग आलेल्या सत्तेखाली ठाण्याचे बंधू मारले गेले, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

लीळाचरित्राचा खरा धडा असा की त्यात लहान माणसाला वगळलेले नाही. स्वामींची एखादी लीळा एखाद्या म्हातारीच्या, एखाद्या गुराख्याच्या, एखाद्या वाटसरूच्या प्रसंगातून फुलते आणि त्या माणसाचे बोलणे त्याच्याच बोलीत उतरते. ओडोरिक यांच्या लॅटिन कथेला जे साधले नाही ते या मराठी गद्याला ओडोरिकच्याही आधी साधले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली क्रिस्तपुराण छापले तेव्हा प्रभू येशूचे दुःखसहन ओवीत किती सहज मावते हे सिद्ध झाले. पद्याचा तो वारसा आपण मिरवतो. लीळाचरित्राच्या गद्याचा वारसा मात्र आपल्या ख्रिस्ती लेखकांनी अद्याप पुरेसा जवळ केलेला नाही, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. ठाण्याच्या बंधूंची कथा कोणी आज मराठीत लिहावयास घेईल तर त्याने ती आगीच्या प्रसंगापासून आरंभू नये. त्या घराच्या ओट्यापासून आरंभावी, जेथे रात्री आवाज चढला, चार पाहुणे जागे झाले, आणि पहाटे एका स्त्रीने पदर सावरून काझीच्या दाराची वाट धरली.

हे लिहिताना आमच्या मनाला एक जुनी आठवण डाचत आहे आणि ती सांगितल्यावाचून या समीक्षेला प्रामाणिक म्हणता येणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एका घरात रात्री अशीच मारहाण झाली. भिंत सामाईक होती. आम्ही सारे ऐकले. दुसऱ्या दिवशी ती बाई आमच्या दारात आली. तिने फार मागितले नाही. चार वडीलधारी बसतील तेव्हा तुम्ही ऐकले ते सांगा, एवढेच म्हणाली. घरातले भांडण आहे, आम्ही कशाला मध्ये पडावे, असे काहीसे आम्ही पुटपुटलो. ती निघून गेली. त्या संध्याकाळी आमच्या घरी नेहमीप्रमाणे रोझरी झाली, आणि दुःखाच्या रहस्यांवर मनन करताना आमचा आवाज अडखळला नाही.

२००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. फिर्याद मांडण्याची वाट आता पूर्वीपेक्षा मोकळी आहे. पण कायद्यालाही साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार शेजारीच असतो. ठाण्याच्या त्या बाईला निदान नाव घेण्याजोगे चौघे होते.

९ एप्रिलच्या सुमारास आमच्याकडे मोहफुले गळत असतात. पहाटे अंधारातच बाया टोपल्या घेऊन झाडांखाली जातात. त्या दिवशी ठाण्याच्या रक्तसाक्ष्यांची आठवण घरात कोणी काढणार असेल, तर आग आणि तलवार सांगण्याआधी मुलांना एवढे सांगावे: एका बाईला मारले होते, तिने यांची नावे साक्षीदार म्हणून घेतली, आणि बोलावणे आले तेव्हा हे उठून गेले. ती साक्ष त्यांच्याकडून कोणी घेतली नाही. आपल्याकडून घेतली जाण्याचा प्रसंग मात्र अजून येऊ शकतो.